कासवाकडून काय शिकायचे होते?

आमच्या टेबलावर इयत्ता पाचवीचे संगणकाचे एक पाठ्यपुस्तक पडले आहे. खाजगी प्रकाशनाचे, इंग्रजी माध्यमाचे, रंगीत छपाईचे. शेजारच्या मुलीने परीक्षा संपल्यावर ते आम्हाला दिले. त्यात 'लोगो' नावाचा एक धडा आहे आणि धड्याखाली स्वाध्याय आहे. एफडी, बीके, आरटी, एलटी यांची पूर्ण रूपे लिहा. लोगोमधल्या कासवाची सुरुवातीची जागा कोणती? पेनअप या आज्ञेचा उपयोग एका वाक्यात सांगा. चूक की बरोबर ते लिहा. या मुलीला या धड्यावर वीसपैकी वीस गुण मिळाले होते. कासव पडद्यावर कधी हलवून पाहिलेस का, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "नाही. लॅबचा तास नेहमी दुसऱ्याच कशाला तरी जायचा."

वीस गुणांबद्दल आमची काही तक्रार नाही. तिने पाठांतर नेटके केले होते. पण ज्या भाषेवर हा धडा होता, ती भाषा नेमकी अशा शिक्षणाला कंटाळलेल्या माणसांनी तयार केली होती. म्हणून ती भाषा, तिच्यामागचा विचार मांडणारे 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक आणि शाळेत आल्यावर त्या दोहोंचे झालेले हाल, यांचे जरा सविस्तर परीक्षण करावे असे आम्हाला वाटले. शाळांत आता पायथनचा बोलबाला आहे, मग हे जुने कासव कशाला उकरून काढता, असे कोणी म्हणेल. पायथनच्या धड्यांखालीही तसेच स्वाध्याय दिसू लागले आहेत, हे त्याचे एक कारण. दुसरे ओघात येईल.

लोगोचा जन्म १९६७ सालचा. अमेरिकेत केंब्रिज येथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संशोधन कंपनीत वॉली फ्युर्झाइग, सिंथिया सॉलोमन आणि सीमूर पेपर्ट यांनी ती घडवली. लोगो हे नाव 'शब्द' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेले. पुष्कळांना ठाऊक नसते, पण पहिल्या लोगोत कासव नव्हतेच. मुले शब्द आणि वाक्ये जोडायची, तोडायची, उलटसुलट करायची. कासव आले ते दोनएक वर्षांनी, आणि तेही पडद्यावर नव्हे, जमिनीवर. पोटाशी पेन बांधलेले एक चाकांचे यंत्र कागदावर फिरायचे आणि मागे रेघ सोडायचे. नाव मात्र त्याहून जुने. ब्रिस्टलच्या ग्रे वॉल्टर यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस प्रकाशाकडे सरकणारी छोटी यंत्रे बनवली होती आणि त्यांना ते कासवे म्हणत.

मुलांना ही भाषा सोपी वाटते ती का? पाठ्यपुस्तकाचे उत्तर असे, की तिच्या आज्ञा थोड्या आणि लहान आहेत. हे उत्तर आम्हाला पटत नाही. चार आज्ञा कोणत्याही भाषेतून काढून दाखवता येतील. सोपेपणा आहे तो कासवात. कासवाला एक जागा आहे आणि एक तोंड आहे, म्हणजे ते कोठे तरी आहे आणि कोणत्या तरी दिशेला पाहत आहे. मुलाचेही तसेच असते. त्यामुळे आज्ञा कळली नाही तर मूल उठून स्वतः चालून पाहू शकते. आलेखकागदावरच्या बिंदूला तोंड नसते, म्हणून त्याच्या जागी उभे राहता येत नाही.

आता एक प्रयोग पाहा. वाचकांनी तो आपल्या वर्गात जरूर करावा. मुलांनी चौकोन काढला आहे : रिपीट ४ [फॉरवर्ड १०० राइट ९०]. आता त्यांना समभुज त्रिकोण काढायला सांगा, दुसरे काही सांगू नका. वर्गातली बहुतेक मुले लिहितील : रिपीट ३ [फॉरवर्ड १०० राइट ६०]. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, हे त्यांना पाठ असते आणि ते खरेही असते. कासव निघते, तीन रेघा ओढते आणि थांबते. पडद्यावर त्रिकोण नसतो. अर्धवट सोडलेल्या वाडग्यासारखी काहीतरी उघडी आकृती असते.

या क्षणी वर्गात जी शांतता पसरते ती आम्हाला फार मोलाची वाटते. मुलाला ठाऊक असलेली गोष्ट खरी आहे, संगणकही बिघडलेला नाही, तरी दोघांचे जमत नाही. मग चूक कोठे?

येथे दोन वाटा फुटतात. "६० नाही, १२० लिहा," असे शिक्षकांनी सांगितले की काम एका मिनिटात उरकते. दुसरी वाट लांबची. एका मुलाला उठवावे, फरशीवर खडूने त्रिकोण काढावा आणि त्याच्या कडेने चालायला लावावे. पहिल्या कोपऱ्यावर आला की विचारावे, "आत्ता तू कुठे पाहतो आहेस? आता तुला कुठे पाहायचे आहे? किती वळलास?" मूल वळते आणि त्याच्या ध्यानात येते, की आपण त्रिकोणाच्या आतल्या कोनाइतके वळलोच नाही, त्याहून पुष्कळ जास्त वळलो. सरळ पुढे गेलो असतो तर जी रेघ झाली असती, तिच्यापासून वळलो. आठवी-नववीच्या भूमितीत बाह्यकोन म्हणून जी आकृती फळ्यावर येते आणि मुले जिच्याकडे निमूटपणे पाहतात, ती येथे पायाला कळते.

एवढ्यावर थांबू नये. तीन कोपऱ्यांवर मिळून किती वळलास? १२० गुणिले ३, म्हणजे ३६०. चौकोनात? ९० गुणिले ४, पुन्हा ३६०. पंचकोनात किती वळावे लागेल ते आता मुलेच सांगतात : ७२. सप्तकोनात भागाकार नीट जात नाही, तर जाऊ नये. कासवाला सरळ राइट ३६०/७ असे सांगावे, भागाकार ते करील. आतल्या कोनांच्या बेरजेचे सूत्र बाजूंच्या संख्येप्रमाणे बदलते, ते पाठ करावे लागते. वळणांची बेरीज मात्र बदलत नाही. फेरी पूर्ण करून जो मूळच्या जागी मूळच्या दिशेने तोंड करून उभा राहिला, तो एक पूर्ण गिरकी घेऊनच आला. नंतर पाच टोकांची चांदणी काढायला द्यावी. तिथे वळण १४४ अंशांचे आणि पाच वळणांची बेरीज ७२०. नियम मोडला का? एखादे मूल चांदणीच्या कडेने चालून पाहते आणि म्हणते, "मी दोनदा गिरकी घेतली." झाले.

पाऊल एकचे आणि वळण एक अंशाचे ठेवून ३६० वेळा चालवले की डोळ्यांना वर्तुळ दिसते. त्याचा परीघ ३६० पावले. मग त्रिज्या किती? सुमारे ५७ पावले. पाय या संख्येशी सहावी-सातवीतल्या मुलाची याहून चांगली भेट आम्हाला तरी सुचत नाही.

आता टेबलावरच्या पाठ्यपुस्तकाकडे परत येऊ. त्यात त्रिकोण आहे, पण रंगीत चौकटीत, तयार, १२० अंश लिहिलेला. मुलाने तसाच टंकायचा. म्हणजे या भाषेत जी एक चूक सर्वांत कामाची होती तीच मुलाला त्रास नको म्हणून काढून टाकली आहे. गुळाच्या ढेपेवरचे सुंदर फडके ठेवून गूळ फेकून द्यावा तसे हे झाले. पाठ्यपुस्तककर्त्यांचा हेतू वाईट असेल असे आम्ही म्हणत नाही. आपल्याकडे पक्की वही आणि कच्ची वही असा भेद आहे आणि पाठ्यपुस्तक ही पक्की वही आहे. संगणकावरचे काम मात्र जात्याच कच्च्या वहीचे.

दुसरी उणीव याहून मोठी. हा धडा रिपीट या आज्ञेपाशी संपतो. लोगोची खरी गंमत त्याच्या पुढच्याच पानावर सुरू होते. तिथे मूल कासवाला नवा शब्द शिकवते : टू चौकोन :बाजू, मग खाली रिपीट ४ [फॉरवर्ड :बाजू राइट ९०], शेवटी एंड. यानंतर 'चौकोन ५०' असे लिहिले की कासव चौकोन काढते. मुलाने घडवलेला हा शब्द आणि भाषेत मुळात असलेला फॉरवर्ड हा शब्द, यांत कासव काही फरक करीत नाही. त्या शब्दातून आणखी मोठे शब्द घडवता येतात. चौकोन आणि त्रिकोण यांपासून घर, घरांपासून गल्ली.

घर पहिल्या प्रयत्नात होत नाही, हेही सांगायला हवे. चौकोन काढा, त्यावर त्रिकोण काढा, असे मूल सांगते आणि छप्पर घराच्या आत पडते. कारण चौकोन संपवून कासव खालच्या डाव्या कोपऱ्यात वर तोंड करून उभे असते आणि त्रिकोण तेथूनच सुरू होतो. आधी भिंतीइतके वर जायला हवे, मग ३० अंश उजवीकडे वळायला हवे, मग त्रिकोण. हे ३० कोठून आले ते शोधण्यात अर्धा तास जातो. जावा. दोन भाग वेगवेगळे बरोबर असूनही त्यांचा सांधा चुकू शकतो, हे त्या अर्ध्या तासात कळते. चुकीकडे पाहण्याची ही रीत, म्हणजे चूक म्हणजे खोडायची गोष्ट नसून उकलायची गोष्ट आहे, हाच पेपर्ट यांच्या पुस्तकाचा गाभा आहे.

ते पुस्तक १९८० सालचे. पेपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेतले, १९२८ साली प्रिटोरियात जन्मलेले, गणिताचे अभ्यासक. १९५८ पासून पाचएक वर्षे त्यांनी जिनिव्हात ज्याँ पियाजे यांच्याबरोबर काम केले आणि मुले ज्ञान स्वतः रचतात ही दृष्टी तेथून आणली. पुस्तकाच्या आरंभी ते आपल्या लहानपणीच्या दातेरी चक्रांच्या वेडाबद्दल लिहितात. त्या चक्रांच्या आधाराने आपल्याला पुढे गणित कळले, असे त्यांचे म्हणणे. चक्रे सर्वांना आवडणार नाहीत. संगणक मात्र हवे ते रूप घेऊ शकतो, तेव्हा तो प्रत्येक मुलाचे दातेरी चक्र होऊ शकेल, ही त्यांची आशा. आणि फ्रेंच जशी फ्रान्समध्ये राहून सहज येते, तसे गणित 'गणितगावी' राहून सहज यावे. लोगो हे ते गाव.

पुस्तक आजही वाचावे असे आहे. इतक्या आपुलकीने मुलांच्या चुकांविषयी लिहिणारा गणिती विरळा. परंतु 'गणितगाव' या उपमेपाशी आम्ही अडतो. मूल घरी मराठी शिकते ते घराच्या भिंतींकडून नव्हे. ते "मी केलो" म्हणते, तेव्हा आजी न रागावता "मी केलं" म्हणते आणि गोष्ट पुढे सुरू ठेवते. दिवसातून शंभर वेळा असे घडते. गावात बोलणारी माणसे असतात म्हणून भाषा येते. पेपर्ट यांच्या पुस्तकात मूल आहे, कासव आहे, मधूनमधून एक समजूतदार मोठे माणूस येऊन नेमका प्रश्न विचारून जाते. पण त्या माणसाची तयारी कशी करायची, चाळीस मुलांच्या वर्गात त्याने काय करायचे, यावर पुस्तक फारसे बोलत नाही. वर त्रिकोणाचा जो प्रसंग सांगितला, त्यात "किती वळलास?" हा प्रश्न कासवाने विचारला नव्हता.

ही उणीव लवकरच उघडी पडली. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजातील रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात वर्षभर लोगो केलेल्या मुलांची परीक्षा घेतली. वर्गातली झाडणे-पुसणे, आवरणे वगैरे कामे कमीत कमी वेळात कशी उरकता येतील याची योजना त्यांनी मुलांना करायला दिली. प्रोग्रॅमिंगमुळे विचार शिस्तशीर होतो असा गवगवा होता, तेव्हा लोगोची मुले पुढे असायला हवी होती. ती पुढे नव्हती. पेपर्ट यांनी १९८७ साली उत्तर दिले ते मार्मिक आहे. लोगोमुळे मुलांवर काय परिणाम होतो हा प्रश्नच चुकीचा, असे ते म्हणाले; लाकडामुळे घरे चांगली होतात का, असे विचारण्यासारखा. घर सुताराच्या हाताने आणि राहणाऱ्याच्या रीतीने होते. आणि साहित्याची जशी समीक्षा असते तशी संगणकाचीही समीक्षा व्हावी, असे त्यांनी सुचवले. हा लेखही, लहान प्रमाणावर, त्या सूचनेचेच पालन आहे.

उत्तर बरोबर आहे, पण मग ते दोन्ही बाजूंना लागू करायला हवे. लोगोच्या अपयशाचे माप लोगोच्या पदरात टाकता येत नसेल, तर यशोगाथांचे श्रेयही तिला देता येणार नाही. सुतार शोधावा लागेल. तो शोधला डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर या दोघांनी. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मुलांना लोगोबरोबर चूक शोधण्याची पद्धतही मुद्दाम, पायरीपायरीने शिकवली होती. हवे होते काय आणि झाले काय? फरक कोणत्या प्रकारचा? असा फरक कोणत्या आज्ञेमुळे पडू शकेल? ती आज्ञा प्रोग्रॅमच्या कोणत्या भागात असेल? मग तेवढेच बदलून पाहा. या मुलांना पुढे संगणकाशी संबंध नसलेल्या लेखी सूचनांतल्या चुकाही अधिक चांगल्या सापडू लागल्या. म्हणजे लाभ होतो, पण आपोआप होत नाही. जी गोष्ट मुलाने शिकावी असे वाटते, ती कोणीतरी शिकवावी लागते. एवढी साधी गोष्ट सिद्ध व्हायला वीसएक वर्षे गेली.

येथवर आम्ही भाषेला सोडून पुस्तकांवर टीका केली. भाषेचेही दोष आहेत. कासवाच्या अंगणातून बाहेर पडून मूल चलांकडे आले, की लोगो एकदम कडक होते. चलाचे नाव सांगताना अवतरणचिन्ह, त्याची किंमत हवी असेल तर विसर्गासारखे दोन टिंब. मेक "अ :अ + १. मुले टिंबे विसरतात, चिन्हे उलटी घालतात आणि रडकुंडीला येतात. तरीही हा कडकपणा प्रामाणिक आहे, असे आमचे मत. वस्तूचे नाव वेगळे आणि तिची किंमत वेगळी, हा भेद तो लपवीत नाही. आजची लाडकी पायथन तो लपवते. तिथे लिहायचे अ = अ + १. आधीच्या तासाला गणिताच्या बाईंनी समीकरणाच्या दोन्ही बाजू समान असतात असे शिकवलेले असते. विचार करणारे मूल हात वर करून म्हणते, "सर, हे कधीच खरे असणार नाही." ते मूल वर्गात सर्वांत हुशार असण्याचा संभव आहे आणि त्यालाच आपण गप्प बसवतो. बेसिक ही भाषा १९६४ साली डार्टमथ कॉलेजात नवशिक्यांसाठीच निघाली. तीत अशा ओळीआधी 'लेट' हा शब्द लिहावाच लागे. निदान हा हुकूम आहे, विधान नव्हे, हे तरी त्यातून कळे. पुढे छोट्या संगणकांवरच्या बेसिकने तो ऐच्छिक केला. आपल्याकडे १९८४-८५ साली 'क्लास' योजनेखाली शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले तेही बेसिक घेऊनच. ज्यांनी त्या काळी त्यावर हात फिरवला त्यांना हे आठवत असेल.

यावर उपाय म्हणून चलाला डब्याची उपमा देतात. ती देताना सावध असावे. ब = अ असे लिहिल्यावर अ-च्या डब्यात आता काही उरले नाही, असे मुलांना वाटते; डब्यातून काढून दुसऱ्यात घातले तर पहिला रिकामा होणारच! आम्ही पाटीची उपमा वापरतो. अ नावाची पाटी, ब नावाची पाटी. अ-वरचे पाहून ब-वर लिहिले तर अ-वरचे पुसले जात नाही. मात्र ब-वर आधी जे होते ते पुसूनच लिहावे लागते, आणि पाटीवर एका वेळी एकच संख्या मावते. अ = अ + १ म्हणजे पाटीवरचा आकडा वाच, मनात एक मिळव, पाटी पुस, नवा आकडा लिही. पायथनमध्ये पुढे याद्या आल्या की पाटीही अपुरी पडते. पण तोवर मूल आपल्याशी वाद घालण्याइतके मोठे झालेले असते.

बेनेडिक्ट ड्यू बुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली याच मुद्द्याला एक नाव दिले. नवशिक्याला खऱ्या संगणकाच्या पोटात काय चालते ते कळण्याची गरज नाही, पण आपण ज्याला आज्ञा देतो आहोत ते एक कल्पित यंत्र त्याच्या डोळ्यांसमोर स्वच्छ हवे. कासव हे असे यंत्र आहे. पाट्यांची रांग हे दुसरे. भाषा नवशिक्याला सोयीची आहे की नाही हे ठरवताना आम्ही हेच पाहतो : तिचे यंत्र मुलाला खडूने फरशीवर काढता येते का? ते नसले, की मूल स्वतःच एक यंत्र कल्पिते, आणि ते बहुधा माणसासारखे असते. रॉय पी यांनी १९८६ साली दाखवले, की नवशिक्यांच्या तऱ्हेतऱ्हेच्या चुकांमागे एकच समजूत असते : संगणकाच्या आत कोणीतरी समंजस बसले आहे, त्याला आपल्या मनातले कळते. "त्याला एवढे कळायला नको का?" हे वाक्य आम्ही मुलांच्याच नव्हे, मुख्याध्यापकांच्या तोंडूनही ऐकले आहे.

तेव्हा लोगो की पायथन, या वादात आम्हाला रस नाही. २००७ साली आलेल्या स्क्रॅचमध्येही लोगोचेच रक्त आहे. तेथे आज्ञांचे ठोकळे जोडायचे असल्याने टंकलेखनाच्या चुका टळतात आणि लहान मुलांची ती मोठीच सोय आहे. पायथनबरोबर तर कासव फुकटच येते. फक्त ते सुरुवातीला वर न पाहता उजवीकडे पाहते, एवढे ध्यानात ठेवावे. ६० अंशांची चूक तेथेही तितक्याच खात्रीने होते. मराठी शाळांतील शिक्षकांना पायथनची आणखी एक सोय सांगण्याजोगी आहे. २००८ सालच्या ३.० या आवृत्तीपासून चलांची आणि फंक्शनांची नावे देवनागरीत देता येतात. क्षेत्रफळ = लांबी * रुंदी ही ओळ जशीच्या तशी चालते, मात्र आकडे प्रोग्रॅममध्ये इंग्रजी लिपीतलेच लिहावे लागतात. मूळ आज्ञा इंग्रजीच राहतात, पण त्या डझनभर. त्यांचा बाऊ करू नये. खरा अडथळा चुकांचे संदेश इंग्रजीत येतात हा आहे, आणि ते संदेश वाचल्याशिवाय तर चूक उकलता येत नाही. आम्ही नेहमीचे सात-आठ संदेश मराठी अर्थासह एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावतो. मुले ते पाहून पाहून इंग्रजी संदेशच वाचू लागतात.

राहिला प्रश्न परीक्षेचा, कारण शेवटी सारे तेथेच अडते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने उच्च प्राथमिक टप्प्यापासून कोडिंग आणले आहे; जे वर्गात येते ते प्रश्नपत्रिकेतही येणारच. मग पूर्ण रूपे विचारण्याऐवजी असे विचारावे. रिपीट ६ [फॉरवर्ड ५० राइट १२०] या आज्ञेने कोणती आकृती निघेल? घाईत मूल षटकोन लिहील. निघतो त्रिकोण, दोनदा गिरवलेला. रिपीट ४ [फॉरवर्ड ५० राइट ६०] ने काय निघेल, आणि आकृती बंद व्हायची तर काय बदलावे? इथे दोन बरोबर उत्तरे आहेत, चारच्या जागी सहा किंवा साठच्या जागी नव्वद. दोन्हींना गुण द्यावेत. हे प्रश्न संगणक नसलेल्या शाळेतही विचारता येतात. फरशी, खडू आणि एक आज्ञाधारक विद्यार्थी पुरतो. अट एकच : कासव झालेल्या मुलाने शहाणपण करायचे नाही. भिंत आली तरी 'फॉरवर्ड' म्हटले की पुढे. वर्गाला हा भाग विशेष आवडतो.

गेल्या वर्षी आठवीच्या एका वर्गात आम्ही हे सर्व करीत होतो. नव्वद, एकशेवीस, बहात्तर झाले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "आणि १०० अंश वळले तर? ते कधी बंदच होणार नाही ना?" आम्ही उत्तर दिले नाही. मुलांनी करून पाहिले. अठरा बाजूंनंतर कासव मूळ जागी आले. अठराच का? कोणीतरी हिशेब मांडला : अठरा गुणिले शंभर म्हणजे अठराशे, म्हणजे तीनशेसाठच्या पाच पट. "अरे, हा तर लसावि!" लसावि कशासाठी काढतात हे त्यांनी पाचवीपासून कोणाला विचारले नव्हते. मग १०१ अंश घेऊन पाहायचे ठरले. कासव चालत राहिले, तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठेना. ३६० बाजूंनंतर ते थांबले. सारा पडदा रेघांनी भरला होता, बाहेरून वर्तुळ दिसत होते आणि मध्यभागी एक स्वच्छ पांढरे वर्तुळ शिल्लक राहिले होते. ती मुलगी पडद्याजवळ गेली, त्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, "हे कोणी काढले? कासव तर इथे आलेच नाही."